चौथ्या अंकापासून वाचा

आबा,

रात्रपाळी करून तुम्ही आत्ताच झोपलात, म्हणून उठवलं नाही. यांना जाऊन महिना झाला, तरी यांची सायकल आणि डबा अजून पलसाण्याच्या मिलमध्येच आहे. आज न्यायला बोलावलंय. मी जाऊन येते. भाकरी टोपलीत आहेत, वरण गरम करून घ्या.

काल यांची पेटी उघडून तुम्ही विचारलंत, "यामा काय शे?" त्याचं उत्तर इथे लिहिते. ती चित्रांची हिंदी पुस्तकं आहेत, 'नीलतारा' नावाची. लिंबायतच्या रद्दीवाल्याकडून यांनी एकेक करून जमवली. एक बाप आणि त्याचा मुलगा आकाशयान घेऊन सात सूर्यांपलीकडे आपलं घर शोधत फिरतात. पहिल्या तीन अंकांत नुसती राजेलोकांची भांडणं आहेत, डोकं गरगरतं. तुम्ही चौथ्यापासून सुरू करा. त्यात मुलगा पहिल्यांदा यान चालवतो आणि बाप मागे उभा राहतो.

नवव्या अंकाची पानं खळीने चिकटवलेली दिसतील. यांच्या शाळेच्या वेळी तुम्ही तो फाडला होता. त्याचा राग यांनी कधी धरला नाही. मला म्हणाले होते, "आबा बारा तास लूमवर उभे राहून आले होते, आणि मी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही."

शेवटचा अंक मी वाचलेला नाही. तो हे मला वाचून दाखवणार होते. तुमचा वाचून झाला की मला सांगा, ते दोघं घरी पोचतात का.

नूतन