तुझ्यानंतरचा गावकवी

प्रिय बाई,

तू असताना तुला कधी पत्र लिहिलं नाही. दोन घरं पलीकडे राहणाऱ्या मोठ्या बहिणीला काय लिहायचं? पण उद्या चावडीसमोर गाव जमणार आहे आणि तुझ्या जागी गावकवी कोण, हे मी सांगायचं आहे. मी! "तुमी तिचे भाऊ, तुमालेच समजन," असं सरपंच म्हणाले.

आपला जिल्हा चंद्रपूरपासून वेगळा झाला त्या वर्षी गावानं तुला निवडलं. बारसं, लग्न, धानाची रोवणी, सगळीकडे तुझं गाणं. पण लोक खरे थांबायचे ते कुणी गेल्यानंतरच्या गाण्यासाठी. घर बौद्धवाड्यातलं असो की गोंडमोहल्ल्यातलं, तू आधी ओसरीवर जाऊन बसायचीस आणि एकच विचारायचीस, "बुढा तुमच्यावर काऊन खेकसे?" कुणी सांगे, ताटात भात टाकला म्हणून. कुणी सांगे, फाटक उघडं राहिलं म्हणून. तेच तू गाण्यात घालायचीस. लोक आधी हसायचे, मग रडायचे.

आता दोघं उभे आहेत. सदाशिव गुरुजींचा आवाज गोड, यमक पक्कं. तुझ्या आजारपणात चंद्रपूरला न्यायला जीप त्यांनीच मिळवून दिली. तुझ्यावर केलेलं गाणं त्यांनी मला म्हणून दाखवलं. त्यात तू चंदन आहेस, ज्योत आहेस. बाई, तू कधी चंदन होतीस गं?

दुसरा दंडारीच्या नाचखेळातला सोंगाड्या लहानू. गळा फाटका, तोंड उद्धट. भर बाजारात मला "मुके बाबू" म्हणून हाक मारतो! हा मयताच्या घरी गाणार?

परवा तोच दारात आला. खाट ओढून बसला.

"बाबू, बाई तुमच्यावर काऊन खेकसे?"

आतून तुझी भावजय सुमन ओरडली, "सांगा नं! आता इथीबी गप्पच राह्यता काय?"

मग सांगितलं. तू म्हणायचीस, "जलमभर तुह्या वाट्याचं मीच बोलू काय रे? मी गेल्यावर कोन बोलन?"

वाटलं, लहानू आता हसेल. त्यानं मान खाली घातली. मग "येतो" म्हणून उठला.

तेव्हापासून मन लहानूकडे झुकतंय. पण गुरुजींचे आपल्यावर उपकार आहेत. सरपंच म्हणतात, "गुरुजीले देऊन टाका. लहानूले पाहून लोक मयतीत हासतीन." हसतीलच. तुझ्या गाण्यालाही हसायचे, पण तुला मान होता. त्याला कोण मानणार? माझं चुकलं तर? आणि उद्या कुणाची आई गेली, तिलाही चंदनच म्हटलं, तर घरच्यांना ती ओळखू तरी येईल का? तुझ्यामागे कोण, एवढं तरी सांगून जायचंस. गेलीस आपली घाईत!

नवा कवी पहिलं गाणं तुझ्यावरचंच म्हणणार आहे. म्हणून उद्या मी उठून उभा राहीन. गुरुजी समोरच बसलेले असतील. त्यांना आधी हात जोडीन आणि नाव लहानूचं घेईन. कुणी "काऊन?" विचारलं, तर तू माझ्यावर कशी खेकसायचीस ते सगळ्यांना ऐकवीन.

माझ्या वाट्याचं उद्या मीच बोलेन, बाई.

तुझा धाकटा,
मधुकर