साक्षीदाराची रिकामी जागा

रविवार, ११ जानेवारी

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळं बरं आहे, थंडीनं गुडघे तेवढे कुरकुरतात. वहिनीनं विणलेला स्वेटर मिळाला. बाह्या दोन इंच लांब आहेत, पण दुर्बीण धरताना बोटं आत ओढून घेता येतात, त्यामुळे तक्रार नाही. तुझं बीपी आटोक्यात आहे असं ती फोनवर म्हणाली. तू स्वतः फोनवर येशील अशी माझी अपेक्षा नव्हतीच.

आज तळ्यावरची मोजणी झाली. धुकं साडेसातला निवळलं. चक्रवाक बेचाळीस, थापट्या बदकं एकशे दहा, पाणकावळे मोजायचा कंटाळा येईल इतके. दलदलीकडचा बाक मोडलाय, त्यामुळे उभ्यानंच मोजावं लागतं. आपला नियम अजून चालू आहे: दोघांनी पाहिलं तरच पक्षी वहीत चढतो. एकानं लिहायचं, दुसऱ्यानं साक्षीदार म्हणून सही करायची. नियम तूच केलास आणि तूच त्यात सापडलास.

हल्ली माझ्या जोडीला कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानाची मालकीण असते. वयानं माझ्या निम्मी, पण नजर घारीची आणि बडबड कमी. आज तिला लव्हाळ्यात काहीतरी दिसलं. "काकू, तो बघा, डाव्या टोकाला. दिसला ना?" मी डोळे फाडून पाहिलं. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरतोय, मला नुसतं करडं करडं दिसत होतं. मी म्हटलं, "मला काही दिसलं नाही."

"असू दे, काकू," म्हणत तिनं पेन्सिल खिशात टाकली. तिचा चेहरा पाहिला आणि मला तुझा चेहरा आठवला. हेच वाक्य मी अकरा वर्षांपूर्वी तुला ऐकवलं होतं, त्याच काठावर.

आपल्या मोजणीच्या गटातले ग्रंथपाल तीस हिवाळ्यांच्या नोंदींची पुस्तिका काढताहेत, म्हणून जुन्या वह्या परवापासून माझ्या टेबलावर आहेत. त्यात ते पान सापडलं. तुझं अक्षर: काळा करकोचा, एक, सात चाळीस. पुढे साक्षीदाराची जागा रिकामी. मला वाटलं होतं, तू खोडून टाकलं असशील. खोडलं नाहीस.

दादा, आता आढेवेढे घेत नाही. तो करकोचा मी पाहिला होता. तुझ्याइतकाच स्वच्छ, तुझ्या आधी म्हटलं तरी चालेल.

आदल्या संध्याकाळी जेवताना तू सगळ्यांसमोर म्हणालास, "ती कुठली जातेय परगावी मुख्याध्यापिका व्हायला? आईला कोण बघणार? मी शाळेला नाही म्हणून कळवून टाकलंय." मला साधं विचारलंही नाहीस. झोपेपर्यंत मी धुमसत होते. सकाळी माझा दंड धरून तू "टिटवे, बघितलास का?" म्हणालास, तेव्हा तुझा आनंद मला बघवेना. एकदा तरी तुझा शब्द चालू नये, एवढंच मनात आलं.

पुढचं सगळं इतकं वाढेल असं वाटलं नव्हतं. पाणकावळ्याचा करकोचा केला म्हणून गटातले लोक हसले, तुला करकोचेसाहेब म्हणायला लागले, आणि मी चहा ओतत राहिले. पुढच्या रविवारी तू आला नाहीस. आई गेल्यावर तू मुलाकडे राहायला गेलास, तेव्हा दुर्बीण मीच गुपचूप तुझ्या बॅगेत टाकली. ती कपाटावर पडून आहे असं वहिनी म्हणते. शाळेचा राग माझा अजून गेलेला नाही, हेही सांगते. पण तो तुझ्या तोंडावर बोलायला हवा होता, त्या पानावर काढायला नको होता.

आज मोजणीनंतर सगळे चहाला थांबले होते, तेव्हा मी सांगून टाकलं. तुला करकोचेसाहेब हे नाव देणारा पोस्टमन कप हातात धरून पाण्याकडे बघत राहिला. मी सही करायला वही पुढे ओढली, तर ग्रंथपालांनी पानावर हात ठेवला. "बाई, अकरा वर्षांनी केलेली बहिणीची सही कोण मानेल? दोघांनी एकमेकांना न विचारता वर्णन लिहा. जुळलं तर छापतो." बरोबरच आहे त्यांचं. तू तिथे असतास तर हेच म्हणाला असतास.

माझं वर्णन पाकिटात बंद करून त्यांच्याकडे दिलंय. म्हणून तो कसा दिसत होता, कुठे उभा होता, यातलं काहीही इथे लिहीत नाही. हात शिवशिवतोय. तुझं वर्णन थेट त्यांना पाठव, पत्ता मागच्या बाजूला आहे. महिनाअखेरपर्यंत मुदत आहे. उडण्याआधी त्यानं जे केलं, ते लिहायला विसरू नकोस. ते पाहून तू हसलास. मलाही हसू फुटत होतं, म्हणून मी तोंड फिरवलं होतं.

पाठवावंसं वाटलं नाही तर नको पाठवूस. जागा तशीच रिकामी राहील. ती कोणामुळे रिकामी आहे, हे आता सगळ्यांना माहीत आहे.

वहिनीला नमस्कार सांग.

सात चाळीसला तुझ्या शेजारी उभी असलेली,
टिटवी