खिसा नसलेल्या बाईचा चाकू

चिरंजीव नारायणराव यास मलकापूरहून झुंबरअक्काचा पोटभर आशीर्वाद. तिकडं साखरखेर्ड्याले सारे खुशाल असतील, तुझे गुडघे सोडून. माझी तब्येत ठणठणीत आहे, पण हे कोणाले सांगू नको, औषधाच्या निमित्तानं चहा दोनदा भेटते. फोन काऊन नाही केला म्हणशील, तर तुले ऐकू येत नाही अन् इथं भिंतीपलीकडच्याले येते. म्हणून चांदबीची नात अंजुम, शेजारची, तिले लिहाले बसवलं. (मी सांगते तसंच लिहिते म्हणते. मले वाचता येत नाही, तवा विश्वास ठेवला.)

मुद्दा असा, का मले एक चाकू घ्यायचा आहे. खिशातला, घडीचा. मले खिसा नाही हे मलेही माहीत आहे, पण कमरेले पानाची चंची तं आहे. संक्रांतीले विळीवर अंगठा जरासा कापला (जरासाच, तीन टाके), तवापासून वंदनानं विळी, सुऱ्या साऱ्या वरच्या फळीवर नेऊन ठेवल्या. सून गुणाची आहे, म्हणूनच तं भांडता येत नाही. आता मले पेरू खावासा वाटला तर तिच्याकडं अर्ज करा लागते. अर्ज मंजूर होऊन पेरू येते तवा तुकडे इतके बारीक, का वाटते माझं उष्टावण चाललं आहे. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईले आपला पेरू आपल्या हातानं कापता येऊ नये?

बाजारात रहेमतुल्लाचं सुऱ्या-कात्र्यांचं दुकान आहे. तिथं काचेत तो ठेवलेला. मूठ शिसमाची, पातं असं का त्यात माझ्या सुरकुत्या मोजता याव्या. उघडला का टक्‌ करून वाजते, जसा कोणी आज्ञाधारक माणूस 'जी' म्हणते. किंमत बावीसशे. मी म्हटलं पारखून घेऊ. सोमवारी काकडी घेऊन गेली, बुधवारी खोबऱ्याची वाटी, शुक्रवारी दुकान बंद. रहेमतुल्ला बिचारा दर वेळी चहा सांगते. मले वाटाले लागलं, कापूनही होते, चहाही होते, तर विकत घ्याच काऊन?

शनिवारी पेरू कापत बसली होती, तर एक ठेकेदार पांढऱ्या गाडीतून उतरला अन् बोट नेमकं माझ्याच चाकूवर ठेवलं. 'हा बांधून दे,' म्हणते. नारायणा, दुसरं काही सुचलं नाही, मी पेरूची फोड पात्यावरूनच तोंडात घेतली अन् वरून पातं चाटलं. ठेकेदार म्हणे, 'अहो आजी, उष्टा केला तुम्ही.' मी म्हटलं, हाव, केला. रहेमतुल्ला म्हणते, 'साहेब, धुतला का निघते.' मी म्हटलं, पात्यावरून निघते रे, साहेबाच्या मनातून निघते का? ठेकेदार दुसराच घेऊन गेला, मोठा, भपकेबाज. मंग रहेमतुल्लानं माझ्याकडं पाह्यलं अन् म्हणे, 'अम्मा, आता हा दुनियेत तुमच्याशिवाय कोणालेच विकता येत नाही.'

तर भाऊ, तूच सांग, घेऊ का नको? तू आठवीपर्यंत शिकलेला, शांतपणे विचार करून कळव.

तुझी झुंबरअक्का
(खाली अंगठा उठवला आहे. मधात रेघ दिसते ती टाक्यांची.)

ता. क. कळवू नको. शनिवारीच घेतला.

दुसरा ता. क. खरं काम हे आहे. भाऊबीजेले आला का सगळ्यांदेखत म्हणायचं, 'अक्का, तुझ्यासाठी चाकू आणला.' चाकू मी आधीच तुझ्या पिशवीत टाकून ठेवीन. पैसे तुझ्याच मागच्या ओवाळण्यांचे आहेत, म्हणजे खोटं असं काही नाही. धारेची वस्तू फुकट दिली का नातं तुटते, म्हणून मी तुले एक रुपया देईन. तो मुकाट्यानं घे. भावानं दिलेली वस्तू वंदना फळीवर ठेवणार नाही, इतकी ती गुणाची आहे.

तिसरा ता. क., हा माझा, अंजुमचा. नाना, आजीले सांगू नका, पण वंदनाकाकूले चार दिवसांपासून चाकूचं माहीत आहे, अन् भाऊबीजेचं तिनं आत्ता भिंतीपलीकडून ऐकलं. पलंगाखाली पेरूची सालं सापडतात, एकेका पेरूची एकच लांब पट्टी, कुठंच न तुटलेली. काकू म्हणते, असं तिले स्वतःले सोलता येत नाही. आजीच्या उशाशी रोज दोन पेरू तीच ठेवते, आजीले वाटते मी आणते. भाऊबीजेले मात्र नक्की या. तुम्ही खोटं कसं बोलता हे काकूले पाहायचं आहे.