रस्त्यावरून दिसणारं कोर्ट

४ नोव्हेंबर १९९६, सोमवार
आज पुन्हा बास्केटबॉल. अरे, मी गणित शिकवायला आलेय या देशात. पुण्यात गणित, इथेही गणित, आणि गेल्या जानेवारीपासून मुलींच्या बास्केटबॉल टीमची इन-चार्ज, कारण आधीच्या बाई बाळंतपणाला गेल्या आणि प्रिन्सिपॉल स्टाफरूममध्ये आले तेव्हा बाकी सगळ्यांनी वह्यांत माना घातल्या. मी वर बघितलं. नडलं.

प्रिन्सिपॉलनी (यापुढे प्रि., हात दुखतो) केबिनमध्ये बोलावलं. टीममध्ये सहाच मुली उरल्यात, त्यात एकही उंच नाही. जानेवारीच्या नव्या बॅचमधून एक सेंटर मिळवा म्हणाले. सेंटर म्हणजे बास्केटखाली उभी राहून हवेतला बॉल काढून घेणारी, एवढं मला आता कळतं. नाही मिळाली तर मार्चनंतर टीम बंद आणि कोर्टाच्या जागी कार पार्क. हे सगळं बिस्किटांची डिश पुढे करत, अगदी गोड आवाजात.

शू फेन आमची कॅप्टन, पुढचं वर्ष तिचं कॉलेजचं शेवटचं. तिला हे कोण सांगणार? मीच. अर्थात.

७ नोव्हें., गुरु.
कोच को यांना एक मुलगी सापडलीय. को दिवसा स्पेअर पार्टचं दुकान चालवतात, संध्याकाळी आमच्याकडे. बोलतात मोजकं. मुलीचं नाव हुई लिंग, सध्या शाळेची शेवटची परीक्षा चालू आहे. पाच फूट दहा इंच. "शी कम, टीम लिव्ह," म्हणजे ती आली तर टीम जगेल, एवढंच म्हणाले आणि शिट्टी तोंडात घातली.

पण तिच्यामागे टेकडीवरचं कॉलेजही लागलंय. (यापुढे टे.कॉ.) नवी कोरी इमारत, घड्याळाचा मनोरा, एसीतलं कोर्ट. आमचं कॉलेज पाया लेबारला, लष्करी विमानतळाशेजारी, भिंतींना पोपडे, आणि डोक्यावरून लष्करी विमान गेलं की वाक्य अर्धवट सोडून फळ्याकडे बघत उभं राहायचं.

प्रि.ना सांगितलं. त्यांचं उत्तर तयार होतं. "मिसेस गोरे, आपण दिसायला कमी पडतो." मग यादीच: रंग, बोगनवेलीच्या कुंड्या, रस्त्याच्या बाजूला मोठा बोर्ड. नवे बॉल मागितले होते मी जुलैत. ते यादीत नाहीत.

११ नोव्हें., सोम. (दिवाळीची सुट्टी)
चकल्या मऊ पडल्या. या हवेत दुसरं काय होणार. शेजारच्या मलय बाईंना तशाच दिल्या, त्या बिचाऱ्या छान म्हणाल्या.

विनयला कॉलेजचं सगळं सांगितलं. तो तांजोंग पगार बंदराजवळच्या ऑफिसात बसून जहाजांच्या दुरुस्त्या बघतो, सुट्टीच्या दिवशीही पेजर कमरेला. चकली दुधात बुडवून खात म्हणाला, "म्हणजे दाखवायचा कार्यक्रम. फरक इतकाच की मुलगी बघायला येणार आणि कॉलेज साडी नेसून बसणार. कांदेपोहे तू करून ने." मी हसले नाही. तो एकटाच हसत बसला.

पण तेच चाललंय. मला बघायला आले होते तेव्हा बाबांनी बाहेरच्या खोलीला रंग काढला आणि मोरीचं दार ओढून घेतलं. विनयला आल्या आल्या मोरीलाच जायचं होतं.

१८ नोव्हें., सोम.
बोर्ड लागला. रस्त्याकडच्या जाळीच्या कुंपणाला या टोकापासून त्या टोकापर्यंत प्लायवूड, माणसाच्या दीडपट उंच. त्यावर आमच्या कॉलेजचं चित्र, निळं आकाश, हातात पुस्तकं घेतलेले तीन हसरे विद्यार्थी. प्रि.चं म्हणणं, कोर्टाला तडे गेलेत, रस्त्यावरून बरं दिसत नाही. म्हणजे बास्केटबॉल खेळणारी मुलगी यावी म्हणून बास्केटबॉलचं कोर्ट झाकून टाकायचं. हे मी त्यांना दोन वेगवेगळ्या प्रकारे सांगून पाहिलं. "फर्स्ट इम्प्रेशन, मिसेस गोरे, फर्स्ट इम्प्रेशन."

कोर्टावरचा वारा बंद झाला. पोरी अर्ध्या तासात लालबुंद. समोरच्या ब्लॉकमधले आजोबा लोक संध्याकाळी कुंपणाला टेकून खेळ बघायचे, आज आले आणि चित्र बघून गेले.

२३ नोव्हें., शनि.
कार्यक्रम पार पडला. हुई लिंग आणि तिचे वडील. वडील टॅक्सी चालवतात, मिस्टर तान, टॅक्सी कंपनीच्या शर्टातच आले होते. प्रि. टायमध्ये. आमच्या सहा जणी नव्या जर्सीत पोर्चमध्ये ओळीने उभ्या. मला खरंच लाज वाटली, ट्रे तेवढे नव्हते कुणाच्या हातात.

लायब्ररी दाखवली, कॉम्प्युटर लॅब दाखवली, कुंड्या दाखवल्या. मुलगी शहाणी आहे, सगळ्याला मान हलवत होती. वडील एक शब्द बोलले नाहीत. कोर्टावर आलो तेव्हा ते बोर्डाच्या मागच्या बाजूशी जाऊन उभे राहिले, जिथे नुसतं कच्चं लाकूड आणि खिळे आहेत. मला हळूच विचारलं, "दॅट साइड रोड, आह? टॅक्सी कॅन स्टॉप?" मी हो म्हणणार तेवढ्यात प्रि. मध्ये. कॉलेजच्या मागे छप्पर असलेलं पार्किंग आहे म्हणे, अगदी नवीन, चला दाखवतो. नेऊन दाखवलं. मिस्टर तान थँक्यू म्हणाले. हुई लिंगचा चेहरा मात्र उतरला, तो का ते मला कळेना.

प्रि. जाम खूश. "त्यांना पार्किंग आवडलं."

२५ नोव्हें., सोम.
कोचनी आज खुलासा केला. हुई लिंगच्या शाळेचं कोर्ट रस्त्यालगत आहे. वडिलांची दिवसपाळी, संध्याकाळी गाडी दुसऱ्या ड्रायव्हरच्या हवाली करायची असते. तिकडे जाताना ते कुंपणाशी टॅक्सी थांबवतात, दहाएक मिनिटं आत बसूनच तिचा खेळ बघतात आणि जातात. शाळेत आत कधी आले नाहीत, शिक्षकांसमोर यायला त्यांना संकोच वाटतो. मागे पार्किंगला जाऊन चालत यायला वेळच नसतो. घरी ते दोघंच. ते रात्री दमून झोपतात, ती पहाटे शाळेला जाते, धड भेट होते ती ही एवढीच.

टे.कॉ.चं कोर्ट तिसऱ्या मजल्यावर, बंद हॉलमध्ये. रस्त्यावरून फक्त घड्याळ दिसतं.

म्हणजे त्यांच्याकडे नसलेली एकच गोष्ट आमच्याकडे होती. ती आम्ही खर्च करून, खिळे ठोकून झाकली. माझं डोकं फिरलं. कोचसमोर मराठीत काहीतरी बोलून गेले, नशीब त्यांना कळलं नाही.

२६ नोव्हें., मंगळ.
प्रि.शी वाद. मी म्हटलं बोर्डाचा मधला भाग काढा. ते म्हणाले टॅक्सी थांबते म्हणून कुणी कॉलेज निवडत नाही. मी म्हटलं ही निवडेल. ते म्हणाले सर्व्हे काय सांगतात ठाऊक आहे का? मी म्हटलं, सर, तिलाच विचारा ना. यावर त्यांनी बिस्किटं पुढे केली. मी घेतलं नाही.

घरी येऊन विनयवर चिडले, उगाच. तो म्हणाला, "कारण खरं कशाला सांगतेस? सेफ्टी म्हण. या देशात सेफ्टी म्हटलं की कप्तानसुद्धा उठून उभा राहतो."

२८ नोव्हें., गुरु.
केबिनमध्ये गेले. म्हटलं, सर, बोर्डामुळे वारा अडतो, एखादी मुलगी उष्म्याने चक्कर येऊन पडली तर जबाबदारी कुणाची?

जेवणाच्या सुट्टीपर्यंत दोन माणसं पक्कड-हातोडा घेऊन हजर. मधल्या दोन फळ्या काढल्या. चित्रातला मधला विद्यार्थी त्यांच्यासोबत गेला, आता उरलेले दोघे मधल्या खिंडारात बघून हसतायत. प्रि.ना ते विद्रूप दिसतं. मला इतकं छान वाटलं की स्टाफरूममध्ये सगळ्यांना लाडू वाटले, दिवाळीचे, जरा शिळे.

कोच हुई लिंगच्या वडिलांना फोन करणार आहेत. परवा खरं कारण ओरडून सांगितलं ते गेलं वाऱ्यावर, आणि सबबीने दोन तासांत काम. काय म्हणायचं याला.

९ जानेवारी १९९७, गुरु.
आली. हुई लिंग आली.

पण आनंद अर्धाच. इथली पद्धत अशी की शाळेचा मोठा निकाल लागतो मार्चमध्ये, तोवर मुलं शाळेतल्याच मार्कांवर कुठल्या तरी कॉलेजात बसतात. निकाल लागला की पुन्हा निवड करायची मुभा. म्हणजे तीन महिन्यांची पाहुणी.

पाचच्या सुमारास खिंडारापाशी टॅक्सी थांबली, मागचे दिवे लुकलुकत. आतून हात नाही, हॉर्न नाही, काही नाही. हुई लिंगने तिकडे एकदा बघितलं आणि पुढचा बॉल शू फेनच्या डोक्यावरून असा काढला की शू फेन म्हणाली, "वा लाऊ, लाइक दॅट हाऊ टू प्ले." ('वा लाऊ' म्हणजे इथलं 'अरे देवा'.) मला रडू आलं. गणिताच्या बाईंनी कोर्टावर रडू नये म्हणून बाटल्या भरायला गेले.

१९ फेब्रु., बुध.
टे.कॉ.शी मैत्रीचा सामना, आमच्याच तडकलेल्या कोर्टावर. जिंकलो. को हसले. दात दिसतात त्यांचे हसताना, आज पहिल्यांदा बघितले.

हुई लिंग माझ्या वर्गातही आहे. गणित उत्तम. तिला इंजिनियर व्हायचंय, पूल बांधायचेत म्हणे. मात्र फिजिक्सचा तिसरा शिक्षकही गेल्या आठवड्यात सोडून गेला. मुलं आपापलं पुस्तक वाचत बसतात, मधल्या सुट्टीत मला येऊन विचारतात, मी मला येईल तेवढं सांगते. प्रि.ना भेटून आले. जाहिरात दिलीय म्हणाले. मग टेबलावरचा नकाशा माझ्याकडे फिरवला. पोर्चसमोर कारंजं होणार आहे.

फिजिक्सला माणूस नाही, पण कारंजं होणार आहे. इथे थांबते, नाहीतर पेन मोडेल.

५ मार्च, बुध.
निकाल. हुई लिंगचा फारच चांगला. टे.कॉ.च्या कोचचा तिला दुपारीच फोन. सोमवारपर्यंत ठरवायचंय.

प्रि.: "तिच्याशी बोला. कारंज्याचं सांगा."

शू फेनने जिन्यात गाठलं. "मिसेस गोरे, तिला सांगा ना, ती गेली तर टीम बंद होईल. शी वोन्ट गो वन." शू फेनचं बरोबर आहे. हे ऐकलं तर ती जाणार नाही, त्या मुलीचा स्वभावच तसा. म्हणूनच तर सांगायचं नाहीये.

सांगायचं नाही म्हणते, आणि दिवसभर मनात वाक्यं जुळवत होते, सहज कसं सांगता येईल याची.

७ मार्च, शुक्र.
तास संपल्यावर ती आपणहून थांबली. बॉल काखेत. "मॅम, यू टेल मी. विच वन बेटर?"

काय सोपं होतं. को किती चांगले कोच आहेत, मैत्रिणी इथे आहेत, वडील. यातलं एकही खोटं नाही. पण तोंडातून निघालं ते दुसरंच. म्हटलं, हुई लिंग, आपल्याकडे फिजिक्सला कुणी नाही आणि कधी येईल मला माहीत नाही. तुला जे शिकायचंय त्याला फिजिक्स लागतं. तिथे ते नीट शिकवतात. खेळायला इथे बरं वाटेल, हे तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. पण तू मला विचारलंस म्हणून सांगते.

तिने बॉल दुसऱ्या काखेत घेतला. मग म्हणाली, "शू फेन से, आय गो, दे क्लोज द टीम. ट्रू ऑर नॉट?"

गाठलंच होतं तर शू फेनने. तिला तरी काय बोलणार.

खरंय म्हटलं. पण ते तुझ्या डोक्यावर घेऊ नकोस, ते मोठ्यांनी बघायचं काम आहे आणि आम्ही ते धड केलं नाही. तू फक्त स्वतःचं बघ.

"ओके मॅम." बॉल दोनदा जमिनीवर आपटला. "पा से अप टू मी." म्हणजे वडिलांनी तिच्यावरच सोडलंय. आणि प्रॅक्टिसला गेली. त्यानंतर तासभर खेळली, नेहमीसारखी. एकदाही माझ्याकडे बघितलं नाही.

१० मार्च, सोम.
सकाळीच प्रि.: "बोललात तिच्याशी?"
बोलले.
"कारंज्याचं सांगितलंत?"
फिजिक्सचं सांगितलं.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "मिसेस गोरे, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूने?" मी घड्याळ बघितलं. तास होता म्हणून उठले.

विनय म्हणतो योग्य केलंस. त्याला काय जातंय. उद्या शू फेनसमोर मला उभं राहायचंय.

हुई लिंग आज वर्गात होती. पहिल्या बाकावर पाय मावत नाहीत म्हणून शेवटच्या बाकावर, पाय वाटेत. उदाहरणं सगळी बरोबर. कॉलेज सुटल्यावर ऑफिसकडे गेली, तिची निवड तिथे सांगून आली असणार. मी दारातूनच माघारी फिरले, विचारलं नाही.

मला ती इथेच हवी आहे, असं लिहून टाकते एकदाचं. आणि ती राहिली तर रोज फिजिक्सच्या तासाला रिकामी बसलेली दिसेल, तेव्हा मला तिच्याकडे बघवणार नाही. उद्या दहा वाजता ऑफिसबाहेर यादी लागेल, तेव्हा कळेल.