पल्लवीनं काढून घेतलेला पेन

मंगळवार, संध्याकाळ

पल्लवीनं माझ्या हातातला पेन काढून घेतला, तिथंच सगळं फिरलं.

बाबांना व्हेंटिलेटरवर आज चौथा दिवस. आयसीयूशेजारच्या खोलीत ती मला संशोधनाचा फॉर्म समजावत होती. फर्स्ट इयरला आम्ही एकाच वर्गात होतो. मी कॉलेज सोडलं, ती शिकून इथं नोकरीला लागली. पेशंटला गाढ झोपवून ठेवायचं की थोडं जागं? दोन्ही रीती चालतात, चांगली कोणती ते डॉक्टर शोधून राह्यले. बाबांसाठी कोणती, ते कॉम्प्युटर चिठ्ठी काढल्यासारखं ठरवणार. मी ऐकत कुठं होतो? तिच्याकडेच बघत होतो.

"आण, करतो सही. तू म्हणतं म्हणून."

तेव्हा पेन गेला.

"माझ्यासाठी करून राह्यला काय? बाप तुझा हाय, विकास."

डोकंच सणकलं. "मंग अर्धा तास समजावलं काऊन?"

"तुले नाई म्हणता यावं म्हणून. नाई म्हटल्यानं इलाजात फरक नाई पडत."

फॉर्म वाचला, पहिल्यांदाच धड. बाबांनी जन्मभर एसटी चालवली. दुसरा कोणी गाडी चालवत असला की त्यांचा डोळा लागत नाही. ते काय म्हणाले असते? माहीत नाही. आणि माझं हो त्यांच्यासाठी की तिच्यासाठी, तेही कळेना.

पेन परत मागितलाच नाही. "नाई," म्हटलं. तिला, पहिल्यांदाच.

"बरं," म्हणाली. रागावली का? चेहऱ्यावरून कळलं नाही.

उठलो, बाहेर आलो, दार लावलं. आपटलं नाही.