माळढोकाखालची सही

घोडेगाव, ता. नेवासा
२० फेब्रुवारी १९७३

प्रिय याकोब,

सलाम. तुझं पत्र पोचून बरेच दिवस झाले. राग उतरला की उत्तर लिहीन म्हणत होते. तो काही उतरेना, तेव्हा म्हटलं, रागातच लिहावं. इकडची खुशाली विचारली आहेस, ती आधी घे. विहिरींनी तळ दाखवलाय. अर्धं गाव रस्त्याच्या कामावर खडी फोडतं आणि दुपारी सरकारनं वाटलेली सुकडी खातं. बाजारात जनावरं नुसती उभी असतात, घेणारा कुणी फिरकत नाही. कापणीच्या सणाला आपल्या चर्चमध्ये भोपळे, कणसं, कोंबड्या यायच्या आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव व्हायचा, आठवतं का? यंदा बायडाबाईनं एक कांदा आणून वेदीपुढे ठेवला. पाळकसाहेबांनी त्याच्यावरच प्रार्थना केली. कुणी हसलं नाही.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी रोज माळावर जाते. धनगराची गोजरबाई अजून मेंढरं राखते. जी चार उरलीत ती. तिची घोंगडी पांघरून मी बाभळीखाली बसते आणि जे समोर येईल ते काढते. परवा म्हणाली, बाई, पाखराला बी प्यायला न्हाई आन् तुमी रंगात पाणी घालताय व्हय? त्या दिवसापासून माझ्या वाटणीच्या पिण्याच्या पाण्यातूनच रंगाचं पाणी काढते. चित्र काढताना घसा कोरडा पडतो, पण तिच्यापुढे मान वर करून बसता येतं.

चित्रं काढायची मुभा मला कशी मिळाली, ते तुला ठाऊक आहे. तू सात-आठ वर्षांचा होतास आणि दाराआडून ऐकत होतास. मी गीतांच्या वहीच्या मागं तितर काढला होता. आपले बाबा गावोगाव फिरणारे उपदेशक. कशाचीही प्रतिमा करू नको, ही दहा आज्ञांतली आज्ञा जन्मभर जपलेला माणूस. त्यांच्या घरात पोरीनं चित्र काढलेलं. रात्रभर ते गुडघ्यांवर होते. सकाळी मला बोलावून म्हणाले, प्रभूनं जे केलं तेवढंच काढ. माणूस काढू नकोस, प्रभूचा चेहरा तर कधीच नाही. आणि खाली आपलं नाव घालू नकोस, कारण ज्यानं केलं त्याची सही त्याच्यावर आधीच आहे. मी शब्द दिला. पिंजऱ्यातलं नाही, मेलेलं नाही, रविवारी नाही, या अटी माझ्या मीच वाढवल्या. शाळेतल्या इतर बाया हसायच्या. मुंबईच्या चित्रकलेच्या परीक्षांना बसले असते तर कुठल्या कुठे गेले असते, असं आमचे हेडमास्तर म्हणायचे. मी गेले नाही, आणि त्याचं मला कधी वाईटही वाटलं नव्हतं. खोटं कशाला सांगू, सुखात होते.

मग तू एका नाताळात आलास आणि खाटेखालची ट्रंक उघडलीस. मिशनच्या कॅलेंडरसाठी चार चित्रं दे म्हणालास. मी दिली. नाव घालायचं नाही एवढं मीच बजावलं. पुढच्या नाताळात आणखी नेलीस, त्याच्या पुढच्यालाही. तुझ्यासाठी मी करंज्या करून ठेवायचे आणि चित्रं पाटाखाली दाबून सरळ करून ठेवायचे. लोकांना आवडतात गं ताई, एवढंच तू सांगायचास. तेवढ्यावर माझं वर्ष निघायचं.

नाताळानंतर आपली नर्स एलिझाबेथ भाचीच्या लग्नाला पुण्याला गेली होती. ती तुझ्या प्रदर्शनात जाऊन आली. दारावर फलक होता म्हणे, याकोब गिदोन आढाव यांची वन्यजीव चित्रे. आत माझा लांडगा टांगलेला, कान फाटलेला. तो गोजरबाईचं कोकरू पळवत होता तेव्हा तिच्या कुत्र्यानं त्याचा कान फाडला, ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. तू लोकांना सांगितलंस की मेळघाटात तो तुझ्यापासून दहा हातांवर उभा होता. अरे, गल्लीतलं कुत्रं भुंकलं तर माझ्या पदराआड लपणारा तू. हे ऐकून मला हसू आलं होतं. चोरी म्हणून सुद्धा मी ती गिळली असती. आयत्या पिठावर रेघोट्या ओढायची तुझी खोड लहानपणापासूनची आहे, आणि आईनं ती लाडानं वाढवली.

पण एलिझाबेथनं पुढचं सांगितलं. कुणी तरी विचारलं, चित्रांवर सही का नाही? तेव्हा तू डोळे मिटलेस आणि म्हणालास, ज्यानं हे केलं त्याची सही त्याच्यावर आधीच आहे, मी कोण नाव घालणारा? सभागृहात बायांनी डोळे पुसले. एलिझाबेथनंही टाळ्या वाजवल्या, आणि मग तिला आठवलं की हीच चित्रं तिनं माझ्या ओसरीवर वाळताना पाहिली आहेत. घरी येऊन ती रडली. मी रडले नाही. याकोब, चित्रं नेलीस ती नेलीस, पण बाबांचं वाक्यही नेलंस. बायबलातल्या ज्या याकोबावरून तुझं नाव ठेवलं त्यानंही आंधळ्या बापाकडून थोरल्या भावाचा आशीर्वाद असाच कातडं पांघरून घेतला होता. बाबांना नाव ठेवताना काय सुचलं होतं कोण जाणे.

आता तू लिहितोस की मुंबईच्या प्रदर्शनासाठी एक माळढोक हवा, मोठा, आणि नेहमीसारखा बिनसहीचा. तुझं नशीब बघ, माळढोक आहे. सहा वर्षांत दिसला नव्हता, तो गेल्या महिन्यात एका सकाळी एकटाच आला आणि करपलेल्या गवतात मान ताठ करून उभा राहिला. माझ्या हातून याहून चांगलं चित्र आजवर झालं नाही आणि पुढे होणारही नाही. ते सोबत पाठवते आहे. त्याच्यावर माझं पूर्ण नाव आहे. कोपऱ्यात घातलं असतं तर तू कापून काढलं असतंस, म्हणून दोन पायांच्या मधोमध, गवतात लिहिलं आहे. नाव कापलंस तर पाखराचे पाय जातील. लावायचं तर तसंच लाव, नाही तर परत पाठव. बाबांना दिलेला शब्द मी मोडला, तो तुझ्यामुळे मोडला, आणि त्याची क्षमा मी मागितलेली नाही. रंग वाळल्यावर मी चित्र भिंतीला टेकवून लांब जाऊन बसले. पुन्हा पुन्हा पाहिलं. दर वेळी आधी माझं नाव दिसतं. माळढोक मागाहून दिसतो.

तुझीच ताई,
कृपा गिदोन आढाव