डाव्या पायाची पट्टी

बाबा, काल मी डाव्या पायाची पट्टी उजव्या पायाला बांधून ऑफिसात गेले. मुळात माझे दोन्ही पाय धड आहेत. तुम्ही गेलात तेव्हा मी शाळेत होते, म्हणून आधीचं थोडं सांगते. मी नकाशाचं काम शिकले. बोईसरला एका ठेकेदाराकडे ट्रेसर आहे. तारापूरला वीजकेंद्राच्या लोकांसाठी वसाहत उभी राहते आहे, तिथल्या घरांचे आणि गटारांचे नकाशे आम्ही ट्रेसिंगच्या कापडावर शाईने उतरवतो. खोलीत बाई मी एकटीच. सगळे उंच टेबलांपाशी उभे राहून काम करतात. पहिल्या दिवशी कुणीतरी माझ्यासाठी खुर्ची आणून ठेवली होती. "ही लागणार नाही," म्हणत मी ती उचलून भिंतीशी ठेवली. त्या वाक्याचा मला बरेच दिवस अभिमान होता.

मग फ्लूची साथ आली. बाकीचे पडले आणि उठले. माझाही ताप उतरला, डॉक्टर म्हणाले, आता काही नाही. पण दुपार झाली की पोटऱ्यांतलं बळ जातं, आणि वाचलेला आकडा पेन शाईत बुडवेपर्यंत डोक्यातून निसटतो. थर्मामीटर नॉर्मल दाखवतो. जे कशानेच मोजता येत नाही ते सांगायचं कसं? दिवाळीनंतर आमच्यातल्या काहींना कायम करणार आहेत. मुरगळलेला पाय मात्र कुणालाही समजतो. म्हणून मी वाया गेलेलं एक ट्रेसिंग धुतलं. खळ निघाली की ते कापड मलमलीसारखं होतं, आई त्याचे रुमाल शिवते. मी त्याची पट्टी फाडली आणि लंगडत गेले. खुर्ची न मागता आली. हेड ड्राफ्ट्समन, ज्यांना आम्ही काका म्हणतो, त्यांनी घरून निर्गुडीचा पाला आणून दिला. "गरम करून बांधा, ताई. दोन दिवसांत उतरेल."

बसल्या बसल्या तुम्ही आठवायचात. काविळीनंतर तुम्ही पानमळ्यात शिडीवर चढत नव्हता. खाली बसून वेली बांधत होता. वरून मजूर बाई ओरडते, "मालक, वेल वर चडली, तुमी खालीच?" तुम्ही हसता. "अंगात जोर नाय गो. वरची तू बांध." एवढं सरळ, चार माणसांत. मी पाटाच्या कडेला उभी असते आणि मला तिथून पळून जावंसं वाटतं.

काल पट्टी बांधताना माझं लक्ष कुठे होतं, ठाऊक नाही. शेजारच्या टेबलावरच्याने पाहिलं. "काका, मुरगळ पलीकडच्या पायात गेली बघा! गटाराच्या पाण्यासारखी, उतार मिळाला की निघाली!" खोली हसली. मी मान वर केली नाही. काका हसले नाहीत. जेवणानंतर ते माझ्या टेबलाशी आले आणि नकाशावर बोट ठेवून उभे राहिले. गटाराचा उतार दाखवणारा बाण मी उलटा काढला होता.

"पाय कुठलाही बांधा," ते हळू म्हणाले. "हा बाण असाच गेला असता तर घाण पाणी लोकांच्या मोरीत आलं असतं. काय होतंय तुम्हाला?"

"अंगात जोर नाही, काका. ताप गेल्यापासून. आकडे डोक्यात राहत नाहीत." शब्द तुमचेच निघाले.

त्यांनी बाणावर पेन्सिलीने फुली मारली. "सकाळी रेघा मारा. दुपारी नकाशांच्या छापील प्रतींच्या घड्या घाला. पण कायम करायचं विचारतील तेव्हा मला साहेबांना खरं सांगावं लागेल."

"सांगा," मी म्हणाले. खूप लाज वाटली. अजून वाटते.

आज पट्टी न बांधता गेले. खुर्ची भिंतीशी परत गेली होती. मीच ती ओढून आणली, तिच्या पायांचा फरशीवर मोठा आवाज झाला. "पाय बरा झाला?" शेजारच्याने विचारलं. "बराच होता," मी म्हणाले. तो आपल्या नकाशाकडे वळला. दुपारी मी बसून घड्या घातल्या.

तुम्हाला पाठवायला पत्ता नाही, म्हणून एक गोष्ट इथेच लिहून ठेवते. काकांना सगळं सांगितलं, पण त्यांचा निर्गुडीचा पाला मी, त्यांनी दिला त्याच संध्याकाळी, गाडीच्या खिडकीतून फेकून दिला, हे सांगितलं नाही. त्यांनी आज विचारलं, पाला लावला होता ना? मी हो म्हणाले.